जॉ प्लेटचा वेल्डर: सोलापुरातलं मँगनीज विषबाधेचं एक प्रकरण

पेशंट पुरुष, वय ४४. आमच्याकडे आले तेव्हा आधीच्या उपचारांची जाडजूड फाईल बरोबर होती आणि तिच्यावर निदान लिहिलेलं होतं: पार्किन्सन, म्हणजे कंपवात. 'व्यवसाय' या रकान्यात एकच शब्द होता, वेल्डर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांचं कुटुंब सोलापूरच्या पूर्वभागातलं, मूळचं विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. चादरीच्या धंद्याला उतरती कळा लागल्यावर अण्णांनी अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेल्डिंग शिकून घेतलं. पत्नी विड्या वळतात. आजाराची हकीकत जवळजवळ सगळी त्यांनीच सांगितली, कारण अण्णांचा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचत नव्हता.

"हे टाचा टेकवतच नाहीत, डॉक्टर. आणि हसू आलं की येतच राहतं. परवा मयताच्या घरी गेलो तिथंसुद्धा हसले. लोक काय म्हणतील?"

सुरुवात दोन वर्षांपूर्वीची. आधी झोप उडाली, चिडचिड वाढली. घरच्यांना वाटलं, कर्जाचं टेन्शन असेल. मग गड्ड्याच्या जत्रेत गर्दीला वाट द्यायला ते दोन पावलं मागे सरकले आणि सरळ पाठीवर पडले. दारूचा संशय आला, पण अण्णा दारूला शिवत नाहीत. त्यानंतर बोलणं पुटपुटल्यासारखं झालं, सही बारीक होत गेली, शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला.

आधीच्या डॉक्टरांनी लेव्होडोपा हे पार्किन्सनचं नेहमीचं औषध सुरू केलं होतं आणि डोस नीट वाढवत दिवसाला ७५० मिलिग्रॅमपर्यंत नेला होता. पाच महिने गोळ्या वेळेवर घेतल्या, गुण शून्य. पार्किन्सनच्या पेशंटला या औषधाने सहसा फरक पडतो, आणि तो घरच्यांना कोणी न सांगता दिसतो. इथे पत्नी ठाम होत्या: "गोळी घेतली काय, न घेतली काय, सारखंच."

तपासणीत चेहरा निर्विकार होता, हालचाली मंद, अंगात ताठरपणा. एवढ्यावर कोणीही पार्किन्सन म्हणेल. पण ताठरपणा दोन्ही बाजूंना अगदी सारखा होता. पार्किन्सन बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो आणि ती बाजू पुढेही जास्त खराब राहते. हात मांडीवर स्वस्थ असताना येणारा, गोळी वळल्यासारखा कंप नव्हता. हात पुढे धरल्यावर बारीक थरथर तेवढी होती. चालताना ते चवड्यांवर उचलले जात, कोपरं दुमडलेली, पाठ ताठ. या चालीला पाठ्यपुस्तकांत कोंबड्याची चाल म्हटलं आहे. उलटं चालायला सांगितलं तर दुसऱ्या पावलाला धरावं लागलं. नजरेच्या हालचाली ठीक होत्या. बुबुळाच्या कडेला तांब्याचं वलय नव्हतं. रक्त-लघवीतल्या तांब्याच्या तपासण्यांतही विल्सनच्या आजाराचं, म्हणजे शरीरात तांबं साठण्याच्या आजाराचं, काही निघालं नाही.

सगळं फिरलं ते एका साध्या प्रश्नावर. वेल्डिंग करता हे कळलं, पण वेल्डिंग कशाचं करता?

"खडी क्रशरचे जॉ भरतो," अण्णा म्हणाले. गेली चौदा वर्षं, एकाच वर्कशॉपमध्ये, नगावर.

जॉ भरणं म्हणजे काय

खडी क्रशरमध्ये दगड ज्या दोन दातेरी पाट्यांमध्ये चिरडला जातो त्या म्हणजे जॉ प्लेट. त्या साध्या लोखंडाच्या असून चालत नाही. त्यांच्यासाठी मँगनीज पोलाद लागतं. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी ते १८८२ मध्ये शोधलं. त्यात साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज असतं आणि मार खाईल तसं ते जास्त कठीण होत जातं. दात झिजले की तशाच मँगनीजच्या रॉडने थरावर थर देऊन ते पुन्हा उभे करतात. घराचं ग्रिल किंवा शेडची कैची जोडणाऱ्या वेल्डरच्या रॉडमध्येही मँगनीज असतं, पण त्याच्या कितीतरी पट कमी.

दोन गोष्टी या कामाला जास्त घातक करतात. पहिली भौतिकशास्त्राची. मँगनीज २०६१ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड २८६० च्या आसपास. वेल्डिंगच्या ठिणगीत दोन्ही वितळतात, पण वाफ होण्यात मँगनीज पुढे असतं. म्हणून रॉडमध्ये मँगनीजचं जे प्रमाण असतं त्यापेक्षा धुरात ते जास्त निघतं. वाफ गार होऊन तयार होणारे कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाही, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. मँगनीज पोलाद जास्त तापलं तर ठिसूळ होतं, म्हणून जॉ पाण्याच्या हौदात अर्धा बुडवून ठेवतात आणि आखूड आखूड टाके घालतात. वेल्डर हौदावर ओणवा, तोंडाखाली ठिणगी, आणि धूर सरळ वर, शिल्डच्या आत. झगमगाटाचा इतरांना त्रास नको म्हणून हे काम मागच्या बंद खोलीत चाले. सोलापूरचा उन्हाळा माहीत असलेल्याला सांगायला नको की एप्रिल-मेमध्ये अशा खोलीत तोंडावर मास्क किती वेळ टिकतो. अण्णा ओला रुमाल बांधत. रुमालाने जाड धूळ अडेल, हा धूर नाही.

तपासण्या आणि त्यांच्या मर्यादा

रक्तातलं मँगनीज १९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आलं. सर्वसाधारण माणसात ते ४ ते १५ असतं. म्हणजे थोडं जास्त, डोळे विस्फारावेत इतकं नाही. नातेवाइकांना इथेच गोंधळ होतो: विषबाधा असेल तर आकडा आभाळाला भिडायला हवा ना? नाही. मँगनीज रक्तात फार टिकत नाही, यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. रक्ताचा आकडा गेल्या काही आठवड्यांचं सांगतो, चौदा वर्षांचं नाही.

हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ९ निघालं, शरीरात लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. मूळव्याधीतून वर्षानुवर्षं रक्त जात होतं, लाजेपोटी कोणाला सांगितलं नव्हतं. एकट्या लोहाच्या कमतरतेनेही रक्तातलं मँगनीज थोडं वाढू शकतं, म्हणून १९ या आकड्यावर निदान उभं करणं बरोबर नव्हतं. पण हीच कमतरता या प्रकरणात साथीदार ठरली. तिच्याकडे पुढे येतो.

निर्णायक ठरला मेंदूचा एमआरआय. टी-वन या प्रकारच्या चित्रांत मेंदूच्या खोल भागातली, हालचालींवर ताबा ठेवणारी ग्लोबस पॅलिडस ही जोडी दोन्हीकडे सारखीच पांढरी चमकत होती. टी-टू चित्रांत तिथे काही नाही, सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियम साठल्याची खूण नाही. मँगनीजचा अणू चुंबकीय स्वभावाचा आहे आणि त्याच्यामुळे टी-वन चित्रात ती जागा उजळते. तशीच चमक यकृताच्या सिरॉसिसमध्येही दिसते, कारण पित्तावाटे बाहेर जाण्याचा रस्ता बंद होतो. शिरेतून दीर्घकाळ पोषण दिलेल्या पेशंटमध्येही दिसते. अण्णांचं यकृत रक्ततपासणीत आणि सोनोग्राफीत ठीक होतं. मुंबईला ट्रोडॅट स्कॅन करून घेतला. हालचालींसाठी लागणारं डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींची टोकं त्यात शाबूत दिसली. पार्किन्सनमध्ये ती जवळजवळ नेहमी कमी दिसतात.

एमआरआयमधली चमक एवढंच सांगते की मँगनीज इथे आहे. पेशी किती मेल्या, किती आजारी आहेत, हे ती सांगत नाही. हा फरक पुढे कामगार न्यायालयात फार महत्त्वाचा ठरला.

पेशीच्या आत काय बिघडतं

मँगनीज मुळात शरीराला लागतं. अमेरिकेत प्रौढ पुरुषांसाठी ठरवलेली पुरेशी मात्रा दिवसाला २.३ मिलिग्रॅम आहे, आणि ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहा यांतून सोलापूरकराला ते आरामात मिळतं. (हे वाचून कोणी शेंगाचटणी सोडू नये.) जेवणातलं मँगनीज आतडं फक्त ३ ते ५ टक्के आत घेतं, आणि घेतलेलं आधी यकृताकडे जातं. जास्तीचं तिथूनच परत. धुरातल्या मँगनीजला हा नाका लागत नाही. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत, यकृताची भेट नंतर. नाकातल्या वासाच्या चेतातंतूंवरून थेट मेंदूकडे जाणारी वाटही उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसली आहे.

रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडायला मँगनीज लोहाच्याच वाहनांवर बसतं. डीएमटी-१ हा वाहक आणि ट्रान्सफेरिन हे प्रथिन दोघंही लोह आणि मँगनीज दोन्ही वाहून नेतात. शरीरात लोह कमी पडलं की ते मिळवण्यासाठी वाहकांची संख्या वाढते, आणि लोहाच्या रिकाम्या जागा मँगनीज पटकावतं. एकाच वर्कशॉपमधल्या दोन वेल्डरांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा नाही, याचं उत्तर कधीकधी मूळव्याधीत सापडतं ते असं.

मेंदूत शिरल्यावर मँगनीज आधी तारकापेशींमध्ये, म्हणजे ॲस्ट्रोसाइटमध्ये साठतं. हे स्वाभाविक आहे. ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम तिथेच असतं आणि त्याला मँगनीज लागतं. एका मर्यादेपर्यंत तारकापेशी ते सांभाळतात, नंतर त्यांचंच काम बिघडतं. चेतापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट सोडतात, आणि निरोप पोचल्यावर ते उचलून जागा साफ करणं हे तारकापेशींचं काम. जास्त मँगनीज झालं की ग्लुटामेट उचलणारे वाहक, जीएलटी-१ आणि ग्लास्ट, कमी बनू लागतात. ग्लुटामेट साचून राहतं, शेजारच्या चेतापेशी सतत उद्दीपित राहतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरत राहतं. अशा पेशी दमून मरतात.

खुद्द चेतापेशीत मँगनीज कॅल्शियमच्या दाराने मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतं. शिरणं सोपं, निघणं फार हळू. तिथे ते ऊर्जा बनवण्याच्या साखळीत अडथळा आणतं, एटीपी हे पेशीचं इंधन कमी होतं, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढतात. मायटोकॉन्ड्रियाला या रेणूंपासून वाचवणारं एन्झाइमही मँगनीजवरच चालतं. मापात असताना जो धातू राखणदार, तोच माप सुटल्यावर चोरांना आत घेतो. त्यात डोपामाइनसारखा सहज ऑक्सिडाइझ होणारा रेणू जवळ असला तर त्यापासून क्विनोन बनतात, तेही विषारीच. मायक्रोग्लिया या मेंदूच्या पहारेकरी पेशी चिडतात आणि दाह वाढवतात. पेशीच्या आत प्रथिनांच्या घड्या चुकू लागतात.

हे सगळं मँगनीजचंच काम आहे, वेल्डिंगच्या धुरातल्या दुसऱ्या कशाचं नाही, हे कशावरून? सर्वांत चांगला पुरावा एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात मिळाला. पेशीतून मँगनीज बाहेर फेकणारा एसएलसी३०ए१० हा वाहक ज्यांच्यात जन्मतः बिघडलेला असतो, अशा मुलांचं वर्णन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ही मुलं वेल्डिंगच्या आसपासही गेलेली नसतात. तरी त्यांच्या पॅलिडसमध्ये तीच चमक आणि चवड्यांवरची तीच ताठर चाल.

आता लेव्होडोपाने गुण का आला नाही याकडे. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामाइन बनवणाऱ्या पेशीच मरतात, म्हणून बाहेरून डोपामाइनचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा, दिला की काम चालतं. मँगनीजमध्ये त्या पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात. बिघाड होतो त्यांच्या पुढच्या टप्प्यावर, पॅलिडसमध्ये, शिवाय असलेलं डोपामाइन सोडण्याची क्रियाही मंदावते. विहिरीला पाणी आहे, पण शेतातला पाईप फुटला आहे. विहिरीत आणखी पाणी ओतून पीक भिजत नाही.

या आजाराचं पहिलं वर्णन ग्लासगोच्या जॉन कूपर यांचं, १८३७ चं. ब्लीचिंग पावडरसाठी मँगनीजचं काळं ऑक्साइड दळणारे कामगार पायांतलं बळ जाऊन अडखळत चालत होते, कुजबुजल्यासारखं बोलत होते. ज्यांचं नाव कंपवाताला मिळालं त्या पार्किन्सन यांचा निबंध त्याच्या वीसच वर्षं आधीचा. पुढे चिलीच्या खाणकामगारांत, अण्णांसारखंच, आजाराची सुरुवात विचित्र हसण्या-रडण्याने होताना दिसली. त्यांचा अभ्यास करणारे जॉर्ज कॉट्झियास यांनीच १९६७ मध्ये लेव्होडोपाचा मोठा डोस पार्किन्सनवर उपयोगी पडतो हे दाखवलं. मँगनीजच्या वाटेने चाललेल्या माणसाच्या हाती पार्किन्सनचं औषध लागलं, आणि मँगनीजच्याच पेशंटना त्याचा उपयोग जेमतेम. चिलीतल्या काहींना सुरुवातीला फरक पडला होता. पण तैवानच्या फेरोमँगनीज भट्टीतल्या कामगारांवर प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करून चाचणी झाली, तेव्हा लाभ दिसला नाही. त्या कामगारांनी आणखी एक वाईट गोष्ट शिकवली: भट्टी सोडल्यानंतरही त्यांची चाल वर्षानुवर्षं बिघडतच गेली.

उपचार

पहिला उपचार काम थांबवणं, आणि खरं तर तोच मुख्य. नगावर काम करणाऱ्याला हे सांगणं सोपं नसतं. पत्नींनी विचारलं, "मग घर कशावर चालवू?" त्यावर माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये काही नव्हतं.

लोह भरून काढलं, मूळव्याधीवर उपचार केले. धातूला धरून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या कॅल्शियम ईडीटीएचे कोर्स शिरेतून दिले. लघवीतून मँगनीज जास्त गेलं, कागदावर ते छान दिसलं, चाल तशीच राहिली. इतरत्रचा अनुभवही असाच संमिश्र आहे: लवकर सापडलेल्या काहींना फायदा, जुन्या पेशंटना क्वचित. लेव्होडोपा हळूहळू बंद केलं. फिजिओथेरपीने वळताना पडणं कमी झालं. चिडचिड आणि अवेळी हसणं बरंचसं ओसरलं, घरच्यांना तेच सर्वांत मोठं वाटलं. तीन महिन्यांनी रक्तातलं मँगनीज ९ होतं.

कागदपत्रं

मँगनीजची विषबाधा ही कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतली, कळवणं बंधनकारक असलेली व्याधी होती (नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत हाच कायदा होता). कलम ८९ प्रमाणे पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरने कारखान्यांच्या मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं असे, न कळवल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत होता. एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार? आम्ही अहवाल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवला.

भरपाईचा दावा कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ खाली गेला. अण्णांची महिन्याची कमाई २१,००० च्या वर दाखवलेली होती, त्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, रस्ता बंद होता. या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या भाग ब मध्ये मँगनीजमुळे होणारे आजार होते, आणि त्याच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असलं की आजार कामातून झाला असं धरलं जाई. चौदा वर्षं होती, पण हजेरी कुठेच नव्हती. शेवटी जॉ घेऊन येणाऱ्या क्रशरवाल्यांच्या चलनांवरच्या सह्या कामी आल्या. सही वर्षागणिक बारीक होत गेलेली त्यातही दिसत होती.

मालकाच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. एक, अहवाल गेल्यावर वर्कशॉपमध्ये हवेची मोजणी झाली, तेव्हा वेल्डरच्या श्वासाजवळ मँगनीज ०.४ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आलं. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत धुरासाठी आठ तासांची मर्यादा १ मिलिग्रॅम होती, म्हणजे सगळं नियमात. दोन, काम सोडल्यावर चौदा महिन्यांनी काढलेला दुसरा एमआरआय संपूर्ण नॉर्मल आहे. आजार होता म्हणावं तर तो बराही झाला.

दुसरा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहून दिलं. चमक मँगनीजची असते, जखमेची नव्हे. काम सुटलं की सहा महिने ते वर्षभरात मेंदूतलं बरंचसं मँगनीज निघून जातं आणि चमक विरते. दरम्यान मेलेल्या पेशी परत येत नाहीत. दुसऱ्या एमआरआयच्या दिवशीच केलेल्या तपासणीत अण्णा उलटं एक पाऊलही टाकू शकले नव्हते, ती नोंद सोबत जोडली. उलट, काम सोडल्यावर चमक विरली यावरूनच सिद्ध होतं की ती कामातून आली होती. सिरॉसिसची असती तर यकृत तसंच असताना गेली नसती.

पहिल्या मुद्द्यावर एवढंच लिहिलं की मोजणी झाली तेव्हा खोलीचं शटर उघडं होतं आणि नवा एक्झॉस्ट बसला होता. शिवाय अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संघटनेने २०१३ पासून श्वसनयोग्य कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे, आपल्या आकड्याचा पन्नासावा भाग. आपला आकडा पाळूनही चेतापेशींना इजा होऊ शकते, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मत म्हणूनच लिहिलं.

दावा अजून चालू आहे. पहिला एमआरआय काम सुटून आठवडा व्हायच्या आत निघाला म्हणून दावा उभा तरी राहिला. वर्षभर गोळ्या बदलण्यात गेलं असतं तर दाखवायला चालीशिवाय काही उरलं नसतं.

त्याच हौदावर अण्णांच्या हाताखाली शिकलेला एक २९ वर्षांचा मुलगा होता. अण्णांच्या पत्नीच त्याला घेऊन आल्या. तक्रार काहीच नव्हती, फेरिटिन कमी, पॅलिडसमध्ये फिकट चमक. त्याला जॉच्या कामावरून हलवून बाहेरच्या उघड्या शेडमध्ये साध्या लोखंडाच्या फॅब्रिकेशनवर घातलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. आठ महिन्यांनी चमक जवळजवळ गेलेली होती आणि कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो उलटा चालत गेला. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.